पाचपैकी तीन

माझ्या उजव्या कानाच्या भोकाच्या वर एक हिरवा ओरखडा आहे. त्याची लांबी सेहेचाळीस मिलिमीटर, आणि जिथे तो सर्वांत रुंद आहे तिथे रुंदी सहा मिलिमीटर. खोली मोजण्याइतकी नाही. नखाने खरवडलं तर हिरवा रंग निघतो आणि खालचं कवच गुळगुळीत लागतं. ही मापं मुग्धामॅमनी घेतली आहेत, प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरने, तीन-तीन वेळा, आणि सरासरी काढून वहीत लिहिली आहेत. माझ्या सगळ्या आयुष्यात इतक्या काळजीने मला कोणी मोजलं नव्हतं. तरी त्या दिवशी त्यांच्या हातात असताना मला वाटत होतं, मॅम, मला खाली ठेवा. मोजायचं ते दुसरीकडे आहे.

मित्रांनो, मी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या डोक्यावरचा टोप. मैदानावर सगळे मला हेल्मेट म्हणतात. माझं वय नऊ वर्षं आणि चार महिने. आमच्यात दहाव्या वर्षी निवृत्त व्हायचं असतं, म्हणजे मी म्हातारा आहे. हा खेळ तुम्ही खेळता तो पायांनी खेळायचा फुटबॉल नव्हे. इथे लंबगोल चेंडू बगलेत धरून पळायचं असतं आणि समोरच्या अकरा जणांनी अंगावर येऊन पळणाऱ्याला पाडायचं असतं. म्हणून खांद्यांवर जाड ढाली आणि डोक्यावर मी.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, ते थंड झालं आणि मी बाहेर आलो. आत फोमच्या गाद्या बसवल्या, त्यांच्यामध्ये हवेच्या चपट्या पिशव्या, समोर पोलादी जाळी, हनुवटीला पट्टा. पहिली सहा वर्षं मी बर्फ पडणाऱ्या एका गावातल्या शाळेत काढली. चार मुलांनी मला घातलं. एकाने माझ्या आत च्युइंगगम चिकटवून ठेवलं, ते आजही पूर्ण निघालेलं नाही. दर हंगामानंतर माझी तपासणी व्हायची, आत नवा स्टिकर लागायचा, आणि मला वाटायचं, आपण पास झालो. पुढे त्या शाळेने नवे टोप घेतले. आम्हा एकोणीस जणांना खोक्यांत भरून समुद्रमार्गे दुबईच्या जेबेल अली बंदरात पाठवलं. तिथून शारजातलं एक गोदाम, आणि शेवटी अमिरातीतलंच अल ऐन शहर.

अल ऐनमध्ये एक लहानसं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे राजन सर गणित शिकवतात. ते टेक्सासमध्ये शिकले आणि येताना पदवीबरोबर हा खेळ घेऊन आले. त्यांनी संघ काढला, नाव ठेवलं ऑरिक्स, म्हणजे इथल्या वाळवंटातलं लांब शिंगांचं हरीण. बहुतेक मुलांनी तो लंबगोल चेंडू आधी हातातसुद्धा धरला नव्हता. राजन सर त्यांना हिंदीत सांगायचे, "अंडा समझ के पकडो, चोर समझ के भागो. बस, यही गेम है."

मुग्धामॅम त्याच कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मूळच्या पुण्याच्या. आमची खोकी उघडली तेव्हा सगळे टोप डोक्यावर घालून फोटो काढत होते, आणि मॅम कोपऱ्यात उभ्या राहून आमच्याबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचत होत्या. राजन सर म्हणाले, "मुग्धाजी, इस कॉलेज में मॅन्युअल पढनेवाली आप अकेली हैं." आणि संघाचं सगळं सामान आणि प्रथमोपचार त्यांच्याकडे सोपवून टाकलं. मॅमनी दुबईला जाऊन त्याचा रीतसर कोर्स केला. टोप एसीच्या खोलीत नीट बसवला तर बाहेरच्या उन्हात आतली हवा प्रसरण पावते आणि तो डोकं दाबतो, म्हणून मुलं हळूच हवा सोडून देतात, हे त्यांच्याच लक्षात आलं. तेव्हापासून त्या आम्हाला बाहेर झाडाखाली बसून, छोट्या पंपाने, एकेका डोक्यावर बसवायच्या.

मी वेदांगच्या डोक्यावर बसलो.

वेदांग दुसऱ्या वर्षाला. मॅमच्या इमारतीत, एक मजला खाली राहणारा. कॉलेजात तो त्यांना मॅम म्हणायचा आणि लिफ्टमध्ये मावशी. त्याच्या आईने, शोभनाताईंनी, परवानगीच्या फॉर्मवर सही करायला साफ नकार दिला होता. म्हणून एका शुक्रवारी मॅम मला हातात घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

शोभनाताईंनी माझ्यावर टिचकी मारून बघितली. "हे टोपलं डोक्यावर घालून हा लोकांना धडका मारणार? याच्यासाठी पाठवला याला इंजिनिअरिंगला?"

"आई, इट्स अ स्पोर्ट," वेदांग आतून म्हणाला.

"तू गप्प बस. मुग्धा, तू सांग."

"हेल्मेट मी स्वतः तपासते, शोभना. प्रत्येक मॅचच्या आधी."

"तू तपासतेस ना? मग दे पेन. दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं मी."

सही झाली. मी सोफ्यावर बसून फुगलो होतो. माझ्या भरवशावर एका आईने सही केली, एवढंच मला कळलं. मॅमचा हात माझ्यावर होता, आणि तो भरवसा माझ्यापेक्षा त्या हातावर होता, हे कळायला मला हंगाम संपत यावा लागला.

आता त्या परीक्षेबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच झालं. हंगाम सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, प्रत्येक खेळाडूची एक साधी चाचणी घेतात. पाच शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळाने ते परत म्हणून घ्यायचे. महिन्यांची नावं उलटी म्हणून घ्यायची. डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. निकाल लिहून ठेवायचा. पुढे सामन्यात कोणाच्या डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा घ्यायची. निकाल ऑगस्टपेक्षा खाली आला, तर मेंदू हादरला आहे, खेळाडूने बाहेर बसायचं. निकाल तेवढाच असला, तर खेळायला मोकळा.

चाचणीच्या आदल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत अंकुरने सगळ्यांना गोळा केलं. अंकुर संघाचा कप्तान, हुशार आणि बोलघेवडा. "लिसन, उद्या कोणी टॉपर बनू नका. कमी मार्क काढा. नंतर डोकं आपटलं तरी तेवढेच मार्क येतील, अँड यू स्टे इन द गेम. सिंपल."

"माय मॉम विल फेंट," वेदांग म्हणाला. "फर्स्ट टाइम इन माय लाइफ आय अ‍ॅम स्टडीइंग टु फेल."

सगळे हसले. आम्ही एकोणीस टोप वर फळीवर होतो. आम्ही सगळं ऐकलं. आम्हाला तोंड नाही, समोर जाळी आहे, तिच्यातून आवाज जात नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतो. ती नीट बसत नाही.

दुसऱ्या दिवशी वेदांग मला काखेत घेऊन प्रयोगशाळेत गेला. मॅमनी पाच शब्द वाचले. त्याने तीन सांगितले आणि डोकं खाजवलं. महिने उलटे म्हणताना तो ऑक्टोबरपाशी अडखळला. एका पायावर चौथ्या सेकंदाला डुलला. मॅमनी मान वर केली. याच मुलाने दोन महिन्यांपूर्वी लंबकाच्या प्रयोगात, जोडीदाराने कागद हरवल्यावर, वीसच्या वीस नोंदी तोंडपाठ सांगितल्या होत्या. मॅम त्याच्याकडे बघत राहिल्या. तो छताकडे बघत राहिला. त्याला हसू आवरत नव्हतं.

मॅमनी पेन्सिलने लिहिलं, पाचपैकी तीन. बाहेर व्हरांड्यात अजून बारा मुलं रांगेत होती. एकाची परत घ्यायची तर सगळ्यांची घ्यावी लागली असती, शेजारच्या मुलाला तोंडावर खोटारडा म्हणावं लागलं असतं. त्यांनी ठरवलं, उद्या याला एकटं बोलवू. मग तोच आकडा पेनाने गिरवला. माप चुकलं आहे हे माहीत असताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नोंद केली. तो उद्या काही आला नाही.

हंगाम पाच सामन्यांचा. पहिला आम्ही दुबईत चौतीस-शून्य असा हरलो. दुसरा अबू धाबीच्या मुलांविरुद्ध आठ-सहा असा जिंकलो, आणि परतीच्या बसमध्ये जणू विश्वचषक आणल्यासारखा गोंधळ झाला. पण संघ आटत चालला होता. कोणाचा गुडघा गेला, कोणाला परीक्षेत विषय राहिल्यामुळे घरून बंदी आली, दोघांना इंटर्नशिप मिळाली. एकोणिसाचे तेरा झाले. स्पर्धेचा नियम असा की सुरुवातीला अकरा खेळाडू उभे नसतील तर सामना गेला, आणि ज्याचा सामना असा जाईल तो संघ स्पर्धेतून बाद. कॉलेजने राजन सरांना आधीच बजावलं होतं, संघ बाद झाला तर पुढच्या वर्षी मैदान क्रिकेटला.

तिसरा सामना शारजात. हिरव्या टोपांचा संघ. वेदांग चेंडू घेऊन पळाला, समोर एक आडवा आला, आणि वेदांगने डोकं खाली घातलं. असं करायचं नाही, हे राजन सरांनी शंभरदा सांगितलं होतं. पण डोक्यावर मी होतो ना. माझ्यामुळेच त्याला भीती वाटली नाही.

आवाज मोठा झाला. मी फुटलो नाही. माझ्या गाद्या दबल्या आणि परत फुगल्या. पण आत, कवटीच्या आत, त्याचा मेंदू पुढे गेला, हाडावर आपटला आणि मागे आला. ते मला जाणवलं. माझं काम कवटी राखायचं. तिच्या आत जे तरंगतं, त्याला धरून ठेवणारा टोप अजून कोणी बनवलेला नाही.

वेदांग उठला, दोन पावलं चुकीच्या बाजूला चालला आणि मग वळला. मॅम धावत आल्या. पाच शब्द. त्याने तीन सांगितले. या वेळी तो हसत नव्हता.

राजन सरांनी विचारलं, "मुग्धाजी, कितना आया?"

"तीन."

"ऑगस्ट में?"

मॅमनी वही बघितली. त्यांना वही बघायची गरज नव्हती. "तीन."

"तो फिर ठीक है ना?"

मॅमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "हां. नंबर तो वही है."

राजन सरांनी माझ्यावर थाप मारली. "क्या हेल्मेट है, हबीबी. रंग छोड के कुछ नहीं गया." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, माझं आयुष्यात सर्वांत मोठं कौतुक झालं ते त्या क्षणी, आणि तेव्हा मला माझ्याच जाळीमागे लपावंसं वाटलं.

परत येताना वेदांग मॅमच्या गाडीत होता. मी त्याच्या मांडीवर. उन्हं उतरत होती, तरी त्याने डोळ्यांवर हात धरला होता.

"मावशी, स्कोअर काय झाला?"

"बारा-सात. हरलो आपण."

"ओके."

दहा मिनिटं गेली असतील. "मावशी, वॉट वॉज द स्कोअर?"

मॅमनी गाडीचा वेग कमी केला. "बारा-सात," त्या म्हणाल्या. "डोकं दुखतंय का, वेदांग?"

"नो. आय अ‍ॅम फाइन. आईला काही सांगू नकोस हां, उगाच पॅनिक होईल."

दुसऱ्या दिवशी मॅमनी मला प्रयोगशाळेत नेलं आणि हा ओरखडा मोजला. मग माझ्या जुन्या गाद्या काढल्या आणि नव्या लावल्या. पट्टा बदलला, स्क्रू घट्ट केले, हवेचा दाब तीनदा तपासला. पुढचे तीन आठवडे त्यांनी माझी जेवढी सेवा केली, तेवढी आधीच्या नऊ वर्षांत झाली नव्हती. रोज संध्याकाळी त्या वहीत लिहायच्या, हेल्मेट क्रमांक सात, निर्दोष. वेदांगबद्दल लिहायला वहीत रकाना होता. तो कोरा राहायचा. एकदा त्यांनी फोन उचलून शोभनाताईंचं नाव काढलं, आणि मग विचारलं काय, तर गॅसचा सिलिंडर आला का.

प्रयोगशाळेत वेदांग एकच नोंद दोनदा लिहायला लागला. ट्यूबलाइटखाली बसायचं टाळायला लागला. मॅम विचारायच्या, "बरा आहेस ना?" तो म्हणायचा, "फाइन." आणि मॅम ते उत्तर घेऊन निघून जायच्या, जणू उत्तर हवं होतं ते तेवढंच.

चौथ्या सामन्यात तो खेळला. नशिबाने डोक्याला काही लागलं नाही. पण सामना संपल्यावर तो सामानाच्या केबिनमागे गेला आणि ओकला. हे दोघांनी बघितलं. एक मी, आणि दुसरा भिवा.

भिवा आमच्या मैदानाचा माणूस. सावंतवाडीकडचा. आधी सहा वर्षं दुबईत बांधकामावर होता, मुहैस्नाहच्या मजूर कॅम्पात राहायचा. मैदानावर पांढऱ्या रेषा मारायच्या त्या त्यानेच, दोरी न लावता, आणि त्या वाकड्या कधी गेल्या नाहीत. त्याने त्या जागेवर फावड्याने वाळू टाकली.

पाचव्या, शेवटच्या सामन्याच्या दिवशी संघात बरोबर अकरा उरले होते. सामना आमच्याच मैदानावर, दुपारी चारला. मॅम दोन वाजल्यापासून झाडाखाली बसून माझ्यात हवा भरत होत्या. भिवा रेषा मारता मारता त्यांच्यापाशी थांबला.

"बाई, एक इचारू?"

"विचार ना, भिवा."

"ह्या टोपाक तुमी किती येळा तपासलात?"

मॅम पंप दाबत राहिल्या.

"त्या दिवशी पोरगो थयसर ओकलो. माका वाटला, तुमका म्हायत असतला." त्याने केबिनकडे बोट दाखवलं. "आमच्या साइटीर कोण पडलो तर तेका इचारणत नाय, बरो हस काय म्हणान. तो म्हणतलोच, बरो हंय. रोजी कोणाक सोडूची नसता. तेका आधी खाली उतरवतत. इचारूचा मगे."

"आणि विचारलं तर?"

"आमच्या खोलयेत एक होतो, किसन. तेका इचारल्यानी." भिवाने चुन्याची गाडी उचलली. "परत वर चढलो तो."

तो पुढे गेला. किसनचं काय झालं, ते मॅमनी विचारलं नाही. पंपाची सुई माझ्यात तशीच होती.

मित्रांनो, अशा जागी आमच्यासारखे जुने लोक तुम्हाला सांगतात, आमची निगा राखा, आम्हाला पुसा, उन्हात टाकू नका. मी ते सांगणार नाही. माझी निगा राखली गेली, आणि ती राखत असताना एक मुलगा तसाच राहिला. वस्तूची काळजी घेणं सोपं असतं. वस्तू चिडत नाही, आईला सांगू नको म्हणत नाही, तिच्यामुळे कोणाचा संघ बंद पडत नाही. म्हणून हात आपोआप वस्तूकडे जातात. तुमचे हात तसे गेले, तर जरा थांबा आणि वस्तू ज्याची आहे त्याच्याकडे मान वर करून बघा. तो ‘फाइन’ म्हणाला, तरी बघत राहा.

साडेतीनला शोभनाताई आल्या. पहिल्यांदाच सामना बघायला. हातात डबा, डोक्यावर ओढणी. "मुग्धा, याला मॅचच्या आधी दोन घास चालतात का गं? अलीकडे जेवतच नाही नीट." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तपासलंस ना हे?"

"हो," मॅम म्हणाल्या. "हे तपासलं."

"मग मी निवांत बसते."

त्या जाऊन खुर्चीवर बसल्या. मॅम तिथेच उभ्या राहिल्या. मी त्यांच्या दोन्ही हातांत होतो.

चारला पाच मिनिटं असताना पंच आमच्या बाजूला आले. या खेळात सामना सुरू होण्याआधी पंच प्रत्येक संघाला एक प्रश्न विचारतात, आणि सामान ज्याच्याकडे असेल त्याने मोठ्याने उत्तर द्यायचं असतं. सही चालत नाही, मान हलवलेली चालत नाही. आधीच्या चारही सामन्यांत मॅम "येस" म्हणाल्या होत्या.

अकरा जण रांगेत उभे राहिले. दहांच्या डोक्यावर टोप होते. वेदांगने माझ्यासाठी हात पुढे केला. मॅमनी मला दिलं नाही.

"मावशी, कम ऑन. यल्ला."

"ऑल इलेव्हन फिट अँड इक्विप्ड?" पंचांनी विचारलं.

राजन सरांनी मॅमकडे बघितलं. त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मुग्धाजी, दस हुए तो टीम खलास. आप जानती हैं."

"जानती हूँ, सर. वो ऑगस्टवाला तीन झूठ था. मुझे उसी दिन पता था."

रांगेत अंकुरने मान खाली घातली. पंचांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"नो," मॅम म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण खुर्च्यांपर्यंत गेला, कारण शोभनाताई डबा तसाच ठेवून उभ्या राहिल्या. "टेन." मग त्या वेदांगकडे वळल्या आणि मराठीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "वेदांग, तू आज खेळणार नाहीस. शारजालाच मी तुला थांबवायला हवं होतं, आणि थांबवलं नाही. आता मी तुला खाली उतरवतेय."